लंगराची कडी

बसवनगुडी, बेंगळूर
१८ नोव्हेंबर १९९८

विठोजी भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असाल, तर आधी सांगते, घरात सगळे जिवंत आहेत. सात वर्षांत तुमची एक ओळ नाही, आमचीही नाही. अशा वेळी पत्र आलं की माणूस भलतंच धरून बसतो.

काम छोटं आहे. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. एखाद्या बऱ्या ठिकाणी जाऊन पोटाची सोनोग्राफी करून घ्या, मुख्यतः त्या किडनीची, म्हणजे ह्यांनी तुम्हाला दिली तिची. काय निघालं ते एका कार्डावर कळवा. कशाला, असं विचारू नका.

विचारणारच तुम्ही. मी लग्न होऊन आले तेव्हा हाफ पँटीत होता, आणि तेव्हाही सगळ्याला कशाला, कशाला. म्हणून सांगते. ह्यांनी मला बजावलंय, विठूला यातलं काही बोलायचं नाही. मी म्हटलं, सरी, बरं. लिहायचं नाही असं ते म्हणाले नाहीत.

दसऱ्यापासून ह्यांच्या कुशीत दुखत होतं. कारखान्यात जड काही उचललं असेल म्हणून आम्ही तेल चोळत बसलो. शेवटी क्षमाने हाताला धरून नेलं. ती आता कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, बापाला दटावण्याएवढी मोठी झाली आहे. तपासणीत किडनीच्या कडेला गाठ निघाली. लिंबाएवढी. ज्या गाठीला भ्यायचं असतं तसलीच.

ह्यांच्याकडे एकच उरलेली, त्यामुळे सगळी काढून टाकायची सोय नाही. गाठ तेवढी कापून बाकीची वाचवायची. पहिले डॉक्टर म्हणाले, बरगडीखाली मोठा छेद घेऊन करू, नीट दिसेल, हात घालता येईल, मग दोन महिने विश्रांती. ह्यांनी काय विचारलं असेल? चंपाषष्ठीला मी उभा असेन ना? डॉक्टरांना चंपाषष्ठी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. झालं. हे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते परदेशात शिकून आलेत आणि पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. त्यांनीसुद्धा समजावलं, एकुलती एक किडनी आहे, उघडून केलेलं जास्त बरं. पण ह्यांनी ठरवलं की ठरवलं.

ऑपरेशन छान झालं. काल घरी आलो. पोटावर तीन ठिकाणी चिकटपट्ट्या, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. शेजारच्या गौरम्मा बघायला आल्या आणि म्हणाल्या, "इष्टेना, अक्का?" एवढंच का, म्हणून. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. एवढीशी भोकं बघून आपण उगाच घाबरलो असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी बजावलंय की महिना-दीड महिना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. पण बाहेरून काही दिसतच नाही, तर आठवण कोण ठेवणार.

डॉक्टर सहज म्हणाले होते की भावाचीही तपासून घ्या, एकाच माणसाच्या दोन किडन्या त्या. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात तेच घोळतंय. मध्येच भिंतीकडे बघून म्हणतात, विठू पाणी पीत असेल का नीट?

तर कार्ड टाका.

ठकुवहिनी

---

बेंगळूर
२७ नोव्हेंबर १९९८

विठोजी भाऊजी,

कार्ड आलं नाही. आज त्याबद्दल रागवायला वेळ नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

लंगराचं तुम्हाला सांगायला नको, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही लिहिते.

वेल्लोरहून किडनी बसवून आलात आणि पुढच्याच चंपाषष्ठीला लंगर तोडायला उभे राहिलात. आईंनी मान तुम्हाला दिलेला, थोरल्याला डावलून. साखळीचं एक टोक देवळाच्या खांबाला, दुसरं कमरेला, आणि हिसक्याने तोडायची. ह्यांनी किती विनवलं, अरे विठू, तुझ्या पोटातल्या शिवणीला वर्षसुद्धा झालं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. आदल्या दिवशी ह्यांनी कारखान्यातून कानस आणून एक कडी घासून घासून केसाएवढी ठेवली. का, तर तुम्हाला जोर लागू नये. आणि तुम्ही कमरेला गुंडाळत असतानाच ती सुटली. साखळी खळकन फरशीवर पडली. सगळी बिरादरी बघत होती, पोरं हसली. "देवासमोर मला खोटा पाडलास, अण्णा," एवढं म्हणालात आणि कपाळावरचा भंडारा न पुसता घराबाहेर पडलात. ते आजतागायत.

तेव्हापासून दरवर्षी हे ओढतात. अख्खी साखळी, कानस न लावलेली. यंदा मी पाय धरायचे बाकी ठेवले होते. हे म्हणाले, "हा मान विठूचा आहे. मी नुसता सांभाळून ठेवलाय. एक वर्ष आपल्या घरातून कुणी उभं राहिलं नाही, तर तो दुसऱ्या घरी जातो. मग तो परत आला तर काय ओढेल?"

मी गुपचूप ह्यांच्या हाताखालच्या नागनाथला गाठलं. म्हटलं, बाबा, तूच एक कडी घासून ठेव. तो बिचारा तयार नव्हता, पण मी रडले तेव्हा त्याने केलं. इतकं सफाईने की मला हातात धरून दिसेना. पण हे तीस वर्षं फिटरकी केलेले. देवळात निघताना साखळी हातात घेतली, कड्यांवरून अंगठा फिरवत गेले आणि एका ठिकाणी थांबले. माझ्याकडे बघितलं. मग आपल्या पेटीतून नवी कडी काढली, जुनी उतरवली, नवी जोडली. म्हणाले, "एकदा केलं, ठकू, त्यात भाऊ गेला. पुन्हा नाही."

पहिल्या हिसक्याला तुटली नाही. दुसऱ्यालाही नाही. ह्यांच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्याला तुटली. लोकांनी भंडारा उधळला, यळकोट यळकोट घेतला. त्यात माझाही आवाज होता, हे लिहिते. मला आनंद झाला होता. हसत घरी आलो, भरीत-रोडगा खाल्ला, कुशीत जरा ओढ बसतेय म्हणाले, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लाल झाली. हे मला बोलले नाहीत. पाणी ओतून, फरशी धुऊन बाहेर आले आणि पेपर वाचत बसले. दुपारी रक्ताच्या गाठी पडायला लागल्या आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. क्षमा ऑफिसात. गौरम्मांनी रिक्षा आणली. रिक्षावाला लालबागेपाशी गर्दीत अडकला आणि मागे वळून मला म्हणाला, "स्वल्प इरी, अम्मा." जरा थांबा. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि लुगडं ओलं झालं होतं. थांबण्यावाचून काय करणार होते मी?

डॉक्टर क्षमाला इंग्रजीत सांगतात, ती मला मराठीत सांगते, आणि जे गाळते ते तिच्या तोंडावर दिसतं. मला कळलं ते असं. गाठ कापून जिथे शिवलं, तिथल्या एका बारीक रक्तवाहिनीची भिंत फाटली आणि तिथे रक्ताचा फुगा धरला. तो आता आतल्या आत लघवीच्या वाटेत फुटलाय. म्हणून सगळं रक्त तिकडून जातंय. दोन किडन्या असत्या, तर ही काढून टाकून सुटलो असतो, असं डॉक्टर म्हणाले.

मी क्षमाला विचारायला लावलं, लंगरामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, असेलही, नसेलही. अशा ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी काही जणांना होतं, नुसतं अंथरुणात पडून राहिलेल्यांनासुद्धा. मला वाटलं होतं, एक काहीतरी ठाम सांगतील. म्हणजे नवऱ्याला तरी दोष देता आला असता, नाहीतर डॉक्टरला. आता कुणाला देऊ?

उद्या जांघेतल्या शिरेतून बारीक नळी घालून थेट किडनीपर्यंत जाणार आहेत. हृदयाच्या नळ्या तपासतात त्या खोलीत. तिथे तारेची इवलीशी गुंडाळी सोडून ती फाटकी वाट बुजवायची. बुजली तर किडनी राहील. नाही बुजली तर काढावी लागेल, आणि मग जन्मभर डायलिसिसचं मशीन.

सोनोग्राफी केलीत का? हे शुद्धीवर आले की पहिलं तेच विचारतात.

ठकुवहिनी

---

बेंगळूर
२ डिसेंबर १९९८

भाऊजी,

तारेची गुंडाळी घातली त्या दिवशी संध्याकाळी लघवी पांढरी स्वच्छ झाली. क्षमाने पिशवी उचलून मला दाखवली. कुणी पोरीला असं काही बघून हसताना पाहिलं असेल का? आम्ही दोघी हसलो. गौरम्मांनी घरून चित्रान्न आणलं होतं, ते पोटभर खाल्लं.

परवा पुन्हा लाल. नळीत गाठी अडकल्या, पोट फुगलं, दोन नर्सा पिचकारीने पाणी मारमारून त्या काढत होत्या आणि हे दात दाबून छताकडे बघत होते. रक्ताच्या बाटल्या लागल्या. नागनाथ कारखान्यातली माणसं घेऊन आला. यशवंतपूरहून ड्युटी संपवून आलेली, हाताला ग्रीस तसंच. ह्यांच्या डोळ्यांत बघवत नाही नागनाथला. आपण कडी आणखी घासायला हवी होती, असं तो मला म्हणाला. ती कडी तर ह्यांनी काढूनच टाकली होती.

रक्तवाहिनीच्या दुसऱ्या फांदीतूनही रक्त येतंय म्हणतात. आज पुन्हा आत नेणार. हे जमलं नाही तर रात्र व्हायच्या आत किडनी काढू, असं सांगून क्षमाची सही घेतली. बापाची किडनी काढायच्या कागदावर पोरीची सही. मी शेजारी उभी होते, पण इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मला कुणी विचारलं नाही.

देवाला काही मागितलं नाही. लंगराच्या देवळातल्या मैलारप्पाकडे तोंड वर करून काय मागू, त्याच्याच पायरीवर हे झालं. आणि त्याला शिव्याही देता येत नाहीत, हे रागावतील.

तेव्हा राग तुमच्यावर काढते. तुम्ही मिरजेतच आहात हे मला ठाऊक आहे. बिरादरीतल्या अप्पासाहेबांनी गणपतीत तुम्हाला बाजारात बघितलं, तब्येत चांगली आहे म्हणाले. दोन पत्रं गेली, तुमच्याने एक कार्ड टाकवत नाही. मी काही परत मागत नाही, भाऊजी. दिलेलं तुमचं आहे. ह्यांनी दिलं तेव्हा मला विचारलं नव्हतं, घरी येऊन सांगितलं, विठूला देतोय. मी तेव्हाही गप्प बसले आणि आजही बसते. पण त्या किडनीवर तुम्ही बाजारात हिंडता, भाजी घेता, आणि इथे ज्याची ती होती तो माणूस लाल पिशवीकडे बघत पडलाय, हे मनात आलं की माझा जीव जळतो. लिहायला नको होतं. लिहिलं.

एक गोष्ट आहे, ती वाचून तरी हलाल. नळी घातल्यावर जांघेवर वाळूची पिशवी ठेवतात, पाय वाकवायचा नाही, कुशीवर वळायचं नाही. त्या अवस्थेत रोज टपालाची वेळ झाली की हे विचारतात, कार्ड आलं? मी नाही म्हणते. काल माझं मनगट धरलं. म्हणाले, "आलंय. तू लपवतेस. वाईट निघालं असेल तरी सांग."

मी म्हटलं, नाही हो, शपथ.

तर म्हणाले, "मी जीव वाचवायला म्हणून दिली, आणि रोगच दिला की काय त्याला, ठकू?"

एवढा मोठा माणूस रडला. पाय हलू नये म्हणून रडतानाही अंग आवरून धरलं होतं. रक्ताचं त्यांना काही वाटत नाही. हे एवढंच खातंय त्यांना, आणि यावर इथल्या एकाही डॉक्टरकडे औषध नाही. ते तुमच्याकडे आहे. बरं असेल, वाईट असेल, जे असेल ते कळवा. वाईट असलं तर मी बघून घेईन काय सांगायचं ते.

बोलावलंय. ट्रॉली आली.

ठकू

---

बसवनगुडी, बेंगळूर
१० डिसेंबर १९९८

विठोजी भाऊजी,

गौरम्मा धावत बोलवायला आल्या, "मिरजेचा फोन, अक्का," तेव्हा मी हॉस्पिटलात न्यायला पेज गाळत होते. हात तसेच घेऊन गेले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, स्वच्छ आहे. दोन ठिकाणी दाखवली, दोघेही स्वच्छ म्हणाले. अण्णाला सांगा." गौरम्मा शेजारी उभ्या होत्या, त्यांनी पदराने माझ्या हातावरची पेज पुसली.

पत्रं जुन्या घरमालकाकडे पडून होती, हे सांगितलंत ते बरं झालं. मागच्या पत्रातलं मी खोडत नाही, तेव्हा ते खरं होतं. पण आता ते पुन्हा वाचू नका.

तुम्ही अण्णा कसा आहे असं विचारलंत आणि मी बरे आहेत म्हणून फोन ठेवला. बरे नाहीत. दुसऱ्या वेळी ती वाट बुजली. रक्त थांबलं, पुन्हा आलं नाही. किडनी काढावी लागली नाही, जागेवर आहे. पण जी वाट बुजवली तिच्यावर किडनीचा मोठा भाग जगत होता, तो मेला. उरलेल्याला त्या तपासणीच्या औषधानेही त्रास दिला म्हणतात. लघवी थेंबभर होते. अंगावर सूज चढली, तेव्हा मानेत नळी घालून मशीन सुरू केलं. महिन्या-दोन महिन्यांत उरलेला तुकडा जागा होईल का, विचारलं. असेलही, नसेलही. हे उत्तर मला आता पाठ झालंय.

तुम्हाला मशीनचं सांगायला नको. तुम्ही त्यावर होता तेव्हा हे बाजूला स्टूल टाकून बसायचे. आता त्या स्टुलावर मी बसते.

तुमचा निरोप घेऊन गेले तेव्हा हे मशीनवरच होते, डोळे मिटून. मी कानाशी वाकून सांगितलं, विठूचा फोन आला. डोळे उघडले. "शब्दाला शब्द सांग," म्हणाले. मी सांगितलं. पुन्हा सांगायला लावलं. दोन ठिकाणी दाखवली हे पुनःपुन्हा विचारलं, कुठल्या डॉक्टरला, मशीन चांगलं होतं का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, बाकीचं मनाने जोडलं. मग त्या नळ्यांच्या गुंत्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. चंपाषष्ठीनंतर पहिल्यांदा.

"म्हणजे माझी एक तरी धड आहे," म्हणाले.

आणि झोपले. मशीनची घरघर चालू असताना, इतके गाढ की नर्सने दोनदा येऊन नाडी बघितली. मी स्टुलावर बसून रडले. कशासाठी, ते विचारू नका. आनंद होता, आणि दुसरंही सगळं होतं.

साखळी धुऊन ट्रंकेत घातली आहे. तुटलेली कडी नागनाथ घेऊन गेला, मी अडवलं नाही. पुढच्या वर्षी मान आपल्या घरात राहतो की जातो, ते बिरादरीने ठरवावं. हे ओढणार नाहीत. आणि तुम्ही ओढणार नाही, ते मी बघेन, मला खांबाला बांधून घ्यावं लागलं तरी.

जाग आल्यावर ह्यांनी निरोप सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते. "विठूला म्हणावं, येऊ नकोस. रात्रभराचा प्रवास. गाडीत उठावं लागू नये म्हणून तो पाणी पीत नाही, लहानपणापासूनची खोड आहे त्याची. त्या किडनीला त्रास होईल. मी बरा आहे, म्हणावं."

हा त्यांचा निरोप झाला. आता माझं ऐका. बाटली भरून घ्या, दोन घ्या, प्रत्येक स्टेशनला उठावं लागलं तरी पाणी पीत या. पण या.

ठकुवहिनी